जखमेची परिभाषा आणि परिचर्या-शिक्षणातील इंग्रजी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
परिचर्या-शिक्षणात इंग्रजीचा विचार बहुधा व्याकरण व संभाषण यांपुरता मर्यादित राहतो. वस्तुतः जखमेसंबंधीच्या प्रत्येक संज्ञेमागे उपचारपद्धतीचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात या इतिहासाचा आढावा घेऊन मराठी भाषक विद्यार्थिनींच्या दृष्टीने त्याचे महत्त्व स्पष्ट केले आहे.

संज्ञांचा विकास :
जखमेचे सूक्ष्म वर्गीकरण भारतीय परंपरेस नवीन नाही. सुश्रुतसंहितेत व्रणाचे शारीर व आगंतुक असे दोन प्रकार मानले असून आगंतुक व्रणांचे छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित व घृष्ट असे सहा भेद सांगितले आहेत. व्रणावरील उपक्रमांची संख्या साठ दिली आहे.

युरोपात दीर्घकाळ जखमेतील पू हे बरे होण्याचे सुचिन्ह समजले जात असे. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बोलिक आम्लाच्या वापरावर आधारलेली जंतुनाशक पद्धती प्रसिद्ध केली. त्यानंतर 'पू' हा शब्द कायम राहिला, परंतु त्याचा अर्थ बदलला. शुभसूचक लक्षण धोक्याची सूचना ठरले.

'बेडसोअर' या शब्दाचा प्रवासही असाच बोलका आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या ग्रंथात अशा जखमेचा दोष सामान्यतः रोगाकडे नसून शुश्रूषेकडे असतो, असे प्रतिपादन केले. पुढे 'प्रेशर अल्सर' ही संज्ञा रूढ झाली. अमेरिकेतील राष्ट्रीय सल्लागार मंडळाने २०१६ मध्ये तिच्या जागी 'प्रेशर इंज्युरी' ही संज्ञा स्वीकारली, कारण आरंभीच्या टप्प्यात त्वचा फाटलेली नसते. अंथरुणाऐवजी दाब हे कारण नावातच आल्याने रुग्णाची कूस वेळेवर बदलण्याचे कर्तव्यही अधोरेखित झाले.

महाराष्ट्रातील संदर्भ :
पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या सेवासदनाने स्त्रियांना परिचर्येचा मार्ग खुला केला. स्वातंत्र्यकाळात १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली व शिक्षणास समान मानदंड लाभले. पाठ्यपुस्तके व रुग्णनोंदी यांची भाषा मात्र प्रामुख्याने इंग्रजीच राहिली.

परिणामी परिचारिकेस दोन भाषांच्या मध्ये उभे राहावे लागते. रुग्ण जखम 'ठणकते', 'चिघळली', 'खपली धरली' असे सांगतो. नोंदीत मात्र वेदनेचे स्वरूप, स्रावाचा रंग, गंध व प्रमाण लिहावे लागते. 'ठणकणे' म्हणजे नाडीच्या ठोक्यासारखी वेदना. तिची नोंद केवळ 'पेन' अशी झाल्यास संसर्गाचा महत्त्वाचा संकेत हरवू शकतो. उलटपक्षी 'डिस्चार्ज' या शब्दाने परिचारिकेस स्राव अभिप्रेत असतो, तर नातेवाइकांना घरी जाण्याची परवानगी मिळाल्याचा भास होतो.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, जखमेची परिभाषा केवळ पाठांतराचा विषय नाही. ज्ञान बदलले तसे शब्द व त्यांचे अर्थ बदलले आणि त्यांबरोबर परिचारिकेची जबाबदारीही स्पष्ट होत गेली. म्हणून इंग्रजी संज्ञा शिकविताना तिचा इतिहास व रुग्णाच्या तोंडचा मराठी शब्द यांची सांगड घातली जाणे आवश्यक आहे. रुग्णाचे बोलणे नोंदीपर्यंत अचूक पोहोचले, तरच उपचार योग्य दिशेने होऊ शकतात.