मोडीत निघालेली यंत्रे आणि त्यांचे पुनर्निर्माण

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे ताम्रपट, सनदा, बखरी आणि शिलालेख उभे राहतात. अवघ्या चाळीस वर्षांपूर्वीचे एखादे यंत्र हेही इतिहासाचे साधन होऊ शकते, हे ऐकून कोणासही प्रथम नवल वाटेल. परंतु ताम्रपट हजार वर्षे टिकतो. १९८२ साली घरोघर पोहोचलेला संगणक मात्र एका पिढीच्या आतच मोडीत निघतो. म्हणून ही यंत्रे नव्याने घडविण्याचा जो उद्योग गेली वीस-पंचवीस वर्षे चालला आहे, त्याची हकीकत येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ नावाचा संगणक विक्रीस काढला. रबरी कळांची ती लहानशी काळी पेटी घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडावयाची आणि कार्यक्रम साध्या कॅसेटवरून भरावयाचे, अशी व्यवस्था होती. किंमत १२५ पौंडांपासून पुढे. सामान्य कुटुंबाला परवडेल असे यंत्र करावयाचे तर सुटे भाग कमी हवेत. म्हणून रिचर्ड ऑल्टवॉसर या अभियंत्याने चित्र, ध्वनी, कळफलक आणि कॅसेट यांची बहुतेक कामे फेरांटी कंपनीच्या ‘यूएलए’ या एकाच चिपमध्ये बसविली. स्वस्ताईचे रहस्य ते हेच. आणि पुढील अडचणीचे मूळही तेच. साधा प्रोसेसर बाजारात दुसरा मिळतो. पण केवळ या यंत्रासाठी घडविलेली चिप जळाली की तिच्या जागी बसवावयास दुसरी कोठून आणणार? १९८६ साली सिंक्लेअर यांनी आपला संगणकांचा धंदा अॅमस्ट्रॅड कंपनीस विकला आणि १९९२ साली स्पेक्ट्रमचे उत्पादन थांबले. चिपच्या आतील रचना तेव्हा लोकांपुढे आलेलीच नव्हती.

येथे कोणी विचारील, की आजचा साधा संगणकदेखील त्या पेटीहून हजारोपट वेगवान आहे. मग एखादा कार्यक्रम लिहून जुन्या यंत्राचे सोंग का आणू नये? तसे सोंग आणता येते, आणि उत्तम आणणारे कार्यक्रम आहेतही. पण एक फरक ध्यानी घेतला पाहिजे. कीर्तनकार एकटाच राजा, प्रधान आणि दूत यांची भाषणे एकामागून एक म्हणून दाखवितो. नाटकात ही पात्रे एकाच वेळी रंगभूमीवर उभी असतात. जुन्या यंत्रात प्रोसेसर, चित्राची चिप आणि स्मृती ही पात्रे एकाच वेळी वावरत आणि प्रसंगी एकमेकांची वाट अडवीत. स्पेक्ट्रममध्ये चित्राची स्मृती यूएलए आणि प्रोसेसर दोघांनाही लागे. यूएलए ती वाचू लागली की प्रोसेसरचे घड्याळ क्षणभर थांबवी. पडद्यावरील एक चित्र पुरे होईतो त्या घड्याळाचे ६९,८८८ ठोके पडत, आणि कुशल कार्यक्रमकार ते ठोके मोजून रंग पालटीत. एक ठोका चुकला की चित्र विसकटले!

या पात्रांना पुन्हा रंगभूमी मिळाली ती ‘एफपीजीए’ या चिपमुळे. झायलिंक्स कंपनीने १९८५ साली अशी पहिली चिप बाजारात आणली, तेव्हा तिच्यात अवघे ६४ तर्कखंड होते. ही चिप म्हणजे जणू कोरी पाटी. तिच्यातील लहान लहान मंडले एकमेकांना कशी जोडावयाची हे चिप तयार झाल्यावर ठरविता येते. एक आराखडा भरला की ती स्पेक्ट्रम होते, दुसरा भरला की कमोडोर. नेदरलँड्समधील डेनिस व्हॅन वीरेन यांनी अशा चिपवर ‘अमिगा’ संगणकाची खास मंडले एकट्याने पुन्हा घडविली आणि २००७ साली ‘मिनीमिग’ नावाने तो आराखडा सर्वांस खुला केला. २०१७ साली अलेक्सी मेल्निकोव्ह यांनी ‘मिस्टर’ हा प्रकल्प सुरू केला. त्यात बाजारात मिळणाऱ्या एकाच फळ्यावर कित्येक जुनी यंत्रे आळीपाळीने अवतरतात. त्याच वर्षी ‘स्पेक्ट्रम नेक्स्ट’साठी लोकवर्गणीने सात लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. त्याच्या पेटीचे रूप ज्यांनी १९८२ ची मूळ पेटी घडविली होती त्या रिक डिकिन्सन यांनीच आखले; पण यंत्र लोकांच्या हाती पडण्यापूर्वी, २०१८ साली, ते निवर्तले.

तथापि नुसत्या चिपने काम भागत नाही. आराखडा चुकीचा असेल तर एफपीजीएदेखील चुकीचेच यंत्र घडविणार. म्हणून येथे संशोधकाची गरज लागते. ख्रिस स्मिथ यांनी यूएलएच्या अंतरंगाची छायाचित्रे अभ्यासून तिचे एकेक मंडल उलगडले आणि २०१० साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. झिजलेला शिलालेख भिंग लावून वाचणाऱ्याचेच हे काम नव्हे काय?

आणि पोथीची नक्कल करणाऱ्याला जो मोह होतो तोच येथेही होतो: मूळची चूक दुरुस्त करण्याचा. कमोडोर ६४ च्या ध्वनिचिपेत एक दोष होता. आवाजाची पातळी बदलली की बारीकसा ठोका उमटे. कल्पक कार्यक्रमकारांनी तो ठोकाच हत्यार करून यंत्राकडून माणसाचे बोल आणि ढोलाचे नाद काढून घेतले. पुढे सुधारलेल्या चिपेत तो दोष जवळजवळ नाहीसा झाला आणि ते बोल ऐकू येईनातसे झाले. दोष गेला, त्याबरोबर कलाही गेली. म्हणून नक्कल करणाऱ्याने दोषासकट नक्कल केली पाहिजे.

हा विषय केवळ परदेशचा आहे असेही नाही. १९८४ साली आपल्या देशात शाळांतून संगणकशिक्षणाची ‘क्लास’ योजना सुरू झाली ती ‘बीबीसी मायक्रो’ या ब्रिटिश यंत्रावर; आणि पुढे डेसिबेल्स कंपनीने ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने परवान्याचा स्पेक्ट्रम भारतात आणला. आज पन्नाशीकडे झुकलेल्या कित्येकांनी संगणकाची पहिली कळ दाबली ती अशा यंत्रांवर.

आजची एफपीजीएही उद्या जळेल आणि तिचा कारखानाही कधी बंद पडेल, हे खरे आहे. पण तिच्यात भरलेला आराखडा लिहून ठेवलेला आहे; तो उघडा राहिला तर उद्याच्या चिपेत पुन्हा भरता येईल. मूळ यंत्राबरोबर त्याचे ज्ञानही कुलूपबंद राहिले, म्हणून एवढे सायास पडले. यंत्र मरते, त्याचे ज्ञान लिहून सर्वांस खुले केले तरच ते पुन्हा उभे राहते. आपल्या कारखान्यांतून आणि प्रयोगशाळांतून आज जी यंत्रे घडत आहेत, त्यांचे आराखडे कोण आणि कोठे जपून ठेवीत आहे, हा प्रश्न घेऊन श्रोत्यांनी घरी जावे, एवढीच आमची विनंती आहे.