फोटोतली धूसर पार्श्वभूमी

चेहरा रेखीव आणि मागची झाडे मऊ, धूसर असा फोटो आपल्याला आवडतो. पण ज्या भिंगामुळे अशी चित्रे सहज निघू लागली, ते घडले वेगळ्याच गरजेपोटी.

१८३९ मध्ये पॅरिसला दागेरची छायाचित्रणपद्धती जाहीर झाली. तेव्हाच्या भिंगातून प्रकाश इतका कमी येई, की माणसाला कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. (लहान मुलांचे काय होत असेल!) व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक योझेफ पेत्सवाल यांनी १८४० मध्ये आकडेमोड करून नवे भिंग रचले. नाभीय अंतराच्या मानाने त्याचे तोंड जवळजवळ चौपट रुंद, म्हणजे प्रकाश सुमारे सोळापट!

त्याबरोबर धूसरताही आली. चेहऱ्यावरच्या एका बिंदूतून निघालेले किरण बरोबर पत्र्यावर एकत्र येतात. मागच्या झाडाचे किरण मात्र पत्र्याच्या अलीकडेच मिळतात आणि पुढे पसरून बिंदूऐवजी चकती उमटवतात. भिंग रुंद, तर चकती मोठी. वर्गात बहिर्गोल भिंगाने कागदावर मेणबत्तीची ज्योत उमटवा. मागची खिडकी धूसर दिसेल. आता भिंगावर लहान छिद्राचा काळा कागद धरा. खिडकी स्पष्ट होईल, पण सगळे चित्र अंधारेल.

कोलकात्यात जन्मलेल्या ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ही धूसरता मुद्दाम राखली. टीकाकारांनी तिला हलगर्जीपणा ठरवले. त्यांनी १८६७ मध्ये काढलेला शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचा फोटो आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो. अंधारातून पुढे येणारे पांढरे केस आणि ते डोळे!