सुरतेच्या सूर्यावरील ठिपका

सुरत शहराच्या दक्षिण अंगास पांडेसरा नावाची औद्योगिक वसाहत आहे. कापड रंगविणाऱ्या आणि छापणाऱ्या गिरण्यांचा हा परिसर. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून पोटासाठी आलेली कितीतरी मराठी कुटुंबे येथे वस्ती करून आहेत. त्यांतील कामगारांना प्रकाशशास्त्राचा एक धडा पुस्तकावाचून अवगत असतो. कृत्रिम धाग्यात 'ब्राइट' आणि 'डल' असे प्रकार असतात. पहिला चकाकतो, कारण त्याचा गुळगुळीत पृष्ठभाग उजेड आरशासारखा एकाच दिशेने परत पाठवितो. दुसऱ्यात टायटॅनियम डायॉक्साइडची बारीक पूड घातलेली असते; तिच्या कणांवर आदळून उजेड दाही दिशांना विखुरतो आणि कापड मंद दिसते. द्रव्य बदलले की प्रकाशाची चालही बदलते, ती अशी.

याच नियमाच्या आधारे सुरतेत पावणेचारशे वर्षांपूर्वी एक गोष्ट घडली. मराठी शाळेत सुरतेचे नाव निघते ते 1664 च्या स्वारीपुरते. आम्ही शिक्षक महाराजांची घोडी तापीकाठी आणतो, आणि त्यांच्या पाठोपाठ धडाही तेथून परत फिरतो. माझी गोष्ट त्या स्वारीच्या तेरा वर्षे आधीची आहे.

जेरेमाया शेकर्ली हा इंग्लंडच्या उत्तर भागातला, 1626 साली जन्मलेला तरुण. गणिताची गोडी मोठी, खिसा मात्र रिकामा. ग्रहांची गणिते करता करता त्याच्या ध्यानी आले की, 1651 च्या हेमंतात बुध सूर्यबिंबावरून सरकेल. पण त्या घटकेला इंग्लंडात रात्र असेल. पूर्वेकडच्या देशांत मात्र सूर्य उगवलेला असेल. त्या काळी इंग्रजांची वखार सुरतेस होती, आणि शेकर्ली सुरतेस आला. केवळ बुधासाठी कोणी एवढा समुद्र ओलांडील, असे मानणे भाबडेपणाचे होईल. हिंदुस्थानात नशीब काढावे हीही आशा त्याच्या मनात असावी. ते काही असो, तत्कालीन इंग्रजी पंचांगाप्रमाणे 24 ऑक्टोबर, म्हणजे आजच्या पंचांगाप्रमाणे 3 नोव्हेंबर 1651 रोजी, त्याने दुर्बिणीतून सूर्यावरचा तो काळा ठिपका पाहिला. आकाशाच्या वेधासाठी हिंदुस्थानात दुर्बीण वापरल्याची ही पहिली ज्ञात नोंद होय.

या कामी दुर्बिणीवाचून गत्यंतर का नव्हते? तर अशा वेळी बुधाचे बिंब सूर्यबिंबाच्या सुमारे एकशे नव्वदाव्या भागाएवढे असते. माणसाचा डोळा एवढा बारीक ठिपका निराळा ओळखूच शकत नाही. येथे काच उपयोगी पडते. हवेत सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर धावणारा प्रकाश काचेत शिरताच सुमारे दोन लक्षांवर येतो, आणि तिरपा शिरला असल्यास वाकतो. हे वाकणे किती, याचा नियम हॉलंडमधील स्नेल याने 1621 च्या सुमारास शोधला. काचेला योग्य फुगवटा दिला की सारे किरण एका ठिकाणी आणता येतात, तेच भिंग. शेकर्लीच्या आधी असे अधिक्रमण एकदाच पाहिले गेल्याचे ज्ञात आहे : पॅरिसहून धर्मगुरू पिएर गासेंदी यांनी आणि अन्यत्र इतर काहींनी, 7 नोव्हेंबर 1631 रोजी. केप्लरने त्याचे भाकीत केले होते, पण ते खरे ठरलेले पाहण्यापूर्वीच, 1630 मध्ये, तो वारला. गासेंदींनी अंधाऱ्या खोलीत दुर्बिणीतून आलेली सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर घेतली. ठिपका इतका लहान होता की, प्रथम त्यांना तो सूर्यावरचा डागच वाटला.

शेकर्लीच्या वेधाचा ज्योतिषाला फारसा लाभ झाला नाही, हेही सांगितले पाहिजे. बुध बिंबावर केव्हा शिरला आणि केव्हा बाहेर पडला, या वेळा त्याला टिपता आल्या नाहीत. लंबकाचे घड्याळ ह्यूगेन्सने बनविले ते 1656 मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षाच्या सुमारास शेकर्ली हिंदुस्थानातच मरण पावला. वय तीसही नव्हते. मला तरी त्याच्या अपयशापेक्षा त्याचे धाडस मोठे वाटते.

त्यानंतर 1689 मध्ये पाँडिचेरीस जेझुइट फादर रिशो यांनी धूमकेतू पाहता पाहता 'मित्र' हा तारा जोडतारा असल्याचे ओळखले. परंतु भिंगाच्या दुर्बिणीत एक खोड होती. जांभळा किरण तांबड्यापेक्षा अधिक वाकतो, त्यामुळे प्रतिमेच्या कडेला रंगीत झालर येते. आरशाला ही बाधा नाही. परावर्तनात सगळे रंग सारख्याच कोनात फिरतात. म्हणून 1668 मध्ये न्यूटनने आरशाची दुर्बीण केली. तिचा आरसा तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचा, लवकर काळवंडणारा. काचेवर चांदीचा पातळ थर देण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास साधली. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली, तिच्यातील मोठ्या दुर्बिणीचा आरसा 20 इंच व्यासाचा होता. 1912 मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा मिटली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्याने ती जाऊ द्यायला नको होती, असे मला वाटते.

आता बुधाचे पुढचे अधिक्रमण 13 नोव्हेंबर 2032 रोजी आहे. भारतात ते दुपारी बाराच्या पुढे सुरू होऊन साडेचारच्या सुमारास संपेल. म्हणजे या वेळी प्रवेश आणि निर्गम दोन्ही सुरतेहून दिसावेत. दुर्बिणीला किंवा भिंगाला डोळा लावून सूर्याकडे मुळीच पाहू नये, दृष्टी कायमची जाईल. गासेंदींप्रमाणे प्रतिमा पडद्यावर घ्यावी. पडद्यासाठी पांडेसऱ्यातून पांढरे कापड आणाल, तर ते 'डल' धाग्याचे आणा. चकाकणाऱ्या कापडावर इतका बारीक ठिपका नीट उमटणार नाही.