दोन कविता, एक राणी

गेल्या नवरात्रात आमच्या शाळेत मुलींनी दोन कविता म्हटल्या. एक भा. रा. तांब्यांची, झाशीवालीच्या समाधीवरची. दुसरी सुभद्राकुमारी चौहान यांची, झाशीच्या राणीवरचीच, पण हिंदीतली. टाळ्या ओसरल्यावर सातवीतली एक मुलगी जवळ येऊन म्हणाली, "बाई, दोन्ही कवितांत राणीला मर्दानी म्हटलंय. बाईच्या बळाला बाईचा शब्द नाही का?"

मला उत्तर सुचले नाही. नव्या पेठेतल्या घरी आले आणि दिवेलागणीनंतर दोन्ही कविता पुन्हा वाचायला बसले.

राणी जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरीस लढता लढता पडली. तांब्यांचे बरेचसे आयुष्य त्याच मुलखात गेले आणि १९४१ साली ग्वाल्हेरीसच ते वारले. त्यांची कविता लहानशी. ती वाटसरूला समाधीपाशी थांबवते, डोळे पुसायला लावते आणि वीज चमकावी तशी राणीची अखेरची झुंज दाखवून मिटते.

सुभद्राबाईंचा जन्म १९०४ चा. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात त्या स्वतः तुरुंगात गेल्या होत्या. त्यांची कविता समाधीपाशी उभी राहत नाही, चालू लागते. बुंदेलखंडातल्या फिरत्या गवयांच्या तोंडून ती कथा सांगते: नानासाहेबांबरोबरचे बाळपण, लग्न, वैधव्य, डलहौसीने खालसा केलेले राज्य आणि मग रण.

शौर्य दोघांनीही गायिले. पण वाचता वाचता एका ठिकाणी माझे बोट थबकले. तांबे राणीची ओळख करून देताना तिची दोन कुळे सांगतात: माहेरचे तांबे, सासरचे नेवाळकर. सुभद्राबाई शेवटच्या रणात तिच्याबरोबर आलेल्या दोन सख्यांची नावे सांगतात. एका कवितेत राणी एकटी लढते, दुसरीत तिच्या अंगाला लागून बायका लढतात.

इतिहास कोणाच्या बाजूने आहे? मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोझने झाशीला वेढा घातला. तोफांच्या मोर्च्यांवर बायका काम करताना आणि दारूगोळा वाहताना दिसत होत्या, हे खुद्द इंग्रजांनीच लिहून ठेवले आहे. आपल्या विष्णुभट गोडशांनी तर तो वेढा शहरात राहून पाहिला आणि 'माझा प्रवास'मध्ये सांगितला. कुळांचा अभिमान खोटा नव्हे. पण कुळे तटावर गोळे वाहत नाहीत.

हे वाचताना मला माझी आई आठवली. वडील गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते. शिलाईच्या यंत्रावर चोळ्या शिवून तिने आम्हा तिघा भावंडांना वाढवले. पुढे पैसे पुरेनात, म्हणून मॅट्रिकवर माझे शिक्षण थांबले. त्याचे दुःख माझ्यापेक्षा तिलाच अधिक. नातेवाईक म्हणत, "पुरुषासारखा संसार ओढला हो!" आई हसे. पाहुणे गेल्यावर मात्र पुटपुटे, "पुरुषासारखा कशाला? शेजारच्या काकू नसत्या तर यंत्राचा हप्ता कोणी भरला असता? समोरच्या मावशींनी तुम्हाला जेवू घातलं नसतं तर?" तिच्या हिशेबात कुळ नव्हते, सख्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला मी म्हटले, "बाळ, शब्द मला अजून सापडला नाही. पण राणी एकटी नव्हती, एवढं सापडलं."

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग बाई, पुढच्या वर्षी मी एकटी नाही म्हणणार. आम्ही सगळ्याजणी मिळून म्हणू."

यंदा वर्गातल्या झाडून साऱ्या मुलींनी ती हिंदी कविता एका सुरात म्हटली. सख्यांची नावे आली तेव्हा त्यांचा आवाज आपोआप चढला. तो मी त्यांना शिकवला नव्हता.