अण्णासाहेबांचे टाकलेले कागद



अण्णासाहेब किर्लोस्कर म्हटले की 'शाकुंतल' आणि 'सौभद्र' आठवतात, आणि बहुधा आपली आठवण तेथेच थांबते. ३१ ऑक्टोबर १८८० हा आपण मराठी संगीत रंगभूमीचा जन्मदिवस मानतो. परंतु त्या रात्री पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात जे उभे राहिले ते संपूर्ण 'शाकुंतल' नव्हतेच. पहिले चार अंक तेवढे झाले. 'सौभद्रा'चेही तेच. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी तीन अंक, आणि उरलेल्यांसह सबंध नाटक १८८३ च्या मार्चमध्ये. आज ज्यांना आपण अभिजात म्हणतो, ती नाटके प्रेक्षकांसमोर प्रथम अशी अर्धीमुर्धीच आली.

त्याच्याही मागे गेले तर वेगळेच किर्लोस्कर भेटतात. विद्यार्थिदशेत फिरत्या नाटकमंडळ्यांना आख्यानांची पदे रचून देणारे. १८७३ साली आद्य शंकराचार्यांवर 'शांकरदिग्जय' हे गद्य नाटक लिहिणारे. अल्लाउद्दिनाच्या चितोडवरील स्वारीचे नाटक हाती घेऊन ते अपुरेच सोडणारे. 'शांकरदिग्जया'नंतर सात वर्षांनी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीतील या नोकरदाराला आपली वाट सापडली. गद्य आणि पद यांचे दोन प्रवाह तोवर त्यांच्यात वेगवेगळे वाहत होते, असे मला वाटते. साहित्याच्या इतिहासांत या लेखनाला एखादी ओळ मिळते. मला हा अन्याय वाटतो, कारण साकी, दिंडी, कामदा हाताळणारी सहजता एका रात्रीत आलेली नाही.

येथे थोडे सीमोल्लंघन करतो. इटलीचा संगीतनाट्यकार पुच्चिनी हा किर्लोस्करांहून पंधरा वर्षांनी लहान. त्याचे 'एडगार' हे नाटक १८८९ मध्ये मिलानच्या ला स्काला रंगमंदिरात चार अंकी होते. पुढे त्याने त्याचे तीन अंक केले. टाकलेल्या चौथ्या अंकातील एक सुरावट 'तोस्का'त कामी आली. त्या मूळ चार अंकांची हस्तलिखिते वारसांकडून बाहेर आली आणि २००८ साली तूरिनमध्ये ते नाटक पुन्हा गायले गेले. 'मादाम बटरफ्लाय' १७ फेब्रुवारी १९०४ रोजी ला स्कालात साफ पडले. तीनच महिन्यांत पुच्चिनीने ते बदलले आणि ब्रेशिया येथे ते यशस्वी झाले. तो हुर्यो उडालेला पहिला पाठ ७ डिसेंबर २०१६ रोजी त्याच ला स्कालाने सन्मानाने रंगमंचावर आणला. कर्त्याने जे टाकले ते आपण उचलावे काय, हा प्रश्न तेथे विचारता येतो, कारण उचलण्याजोगे काही शिल्लक आहे!

आपल्याकडे काय उरले? नाटकाच्या छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर राग, ताल, किंवा नुसती 'चाल' अमुक पदाची, एवढीच खूण. ज्या पदाची ती चाल, तेच विस्मरणात गेले की मागची वाट बंद. पहिल्या सुभद्रेचा, भाऊराव कोल्हटकरांचा, आवाज अमर म्हणतात. पण भाऊराव १९०१ च्या फेब्रुवारीत वारले, आणि हिंदुस्थानातील पहिली ध्वनिमुद्रणे झाली १९०२ च्या अखेरीस. अवघ्या दीड-पावणेदोन वर्षांची चुकामूक!

आणखी एक फरक आहे. पुच्चिनीच्या नाटकांवर कात्री चालवली ती त्याने स्वतः. 'शाकुंतला'ची पदे दोनशेच्या घरात होती. ती गळली ती पहाटेपर्यंत चालणारे प्रयोग तीन तासांवर आले म्हणून, किंवा एखाद्या नटाच्या गळ्याला झेपेनात म्हणून. कोणते पद कधी गळले, कोणी गाळले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. 'रामराज्यवियोग' तर १८८४ मध्ये तीन अंकांनिशी रंगभूमीवर आले, आणि २ नोव्हेंबर १८८५ रोजी अण्णासाहेब बेचाळिसाव्या वर्षी गेल्याने अपुरेच राहिले.

खजरान्यात हे सांगण्याचे कारण आहे. देवलांच्या 'शारदे'चा पहिला प्रयोग किर्लोस्कर मंडळीने १३ जानेवारी १८९९ रोजी याच इंदूरात केला. नाटकवेड्या या शहरातील जुन्या मराठी घरांत नाटकांची पिवळी पडलेली पुस्तके आजही माळ्यावर सापडतात. तशा एका 'सौभद्रा'त कोणी पेन्सिलीने काही पदांवर काट मारलेली आणि समासात दुसरी चाल लिहिलेली मी पाहिली आहे. माजी विद्यार्थ्यांना एवढीच विनंती, की असे पुस्तक हाती आले तर ते रद्दीत घालण्यापूर्वी त्याचे समास वाचावेत आणि शाळेच्या ग्रंथालयात ते दाखवून जावे.