श्रेणी-पद्धती आणि विज्ञान पदवी : जव्हार-मोखाडा

पालघर जिल्ह्यातील (स्थापना १ ऑगस्ट २०१४) जव्हार व मोखाडा हे दोन आदिवासीबहुल तालुके मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. जव्हारला गोखले एज्युकेशन सोसायटीचे, तर मोखाड्याला रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी घरांतल्या मुलामुलींना पदवीसाठी नाशिक-ठाणे गाठावे लागू नये, हे या महाविद्यालयांचे खरे मोल.

विद्यापीठाने २०११-१२ पासून श्रेयांकाधारित सत्र व श्रेणी-पद्धती आणली आणि २०१६-१७ पासून सात गुणांची मोजपट्टी दहाची केली. ८० वा अधिक टक्क्यांना ‘ओ’ म्हणजे १० गुणांक, ७० पासून ‘ए प्लस’ ९, ६० पासून ‘ए’ ८, चाळिशीखाली नापास. त्या रचनेत लेखी परीक्षा ७५ गुणांची, अंतर्गत २५ ची आणि दोन्हींत स्वतंत्रपणे ४० टक्के आवश्यक. लेखीत ४१ व अंतर्गतमध्ये २२ मिळाले, की ६३, म्हणजे ‘ए’. त्याचा गुणांक ८ त्या विषयाच्या श्रेयांकांनी गुणायचा. अशा गुणाकारांच्या बेरजेला एकूण श्रेयांकांनी भागले, की सत्राची सरासरी निघते. मात्र ६० आणि ६९ एकाच श्रेणीत बसतात. काठावरच्या विद्यार्थ्याला हे फार लागते, म्हणून मूळ गुणही पाहिले पाहिजेत.

पुढे अशाच महाविद्यालयांत शिकवायचे, तर सहायक प्राध्यापकपदासाठी पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के (अनुसूचित जमातींसह काही प्रवर्गांना पाच टक्के सवलत) आणि सर्वसाधारणपणे नेट वा सेट ही पात्रता परीक्षा लागते. महाराष्ट्राची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांतली मुले प्राध्यापकपदांवर यावीत, यासाठी ही पाच टक्क्यांची सवलत न्याय्यच आहे.