विषमतेची तुलना आणि एका आकड्याचा मोह

‘तिथे विषमता जास्त, इथे कमी’ असे आपण सहज म्हणतो. हे नेमके कशाच्या आधारावर म्हणायचे, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अर्थशास्त्राला पडला. त्याच सुमारास गणितज्ञ वेगळ्याच वाटेने त्याच ठिकाणी येत होते. दोन्ही वाटा जिथे मिळाल्या त्या कल्पनेला गणितात मेजरायझेशन म्हणतात. ही कल्पना प्रत्येक तुलनेचा निकाल लावत नाही आणि तसे स्पष्ट सांगते. तिचा इतिहास तपासला तर हाच तिचा सर्वांत मोठा गुण ठरतो, असे माझे मत आहे.

1905 मध्ये मॅक्स लॉरेन्झ या अमेरिकी अभ्यासकाने लोकांना गरिबापासून श्रीमंतापर्यंत ओळीने मांडून त्यांच्या वाट्याच्या संपत्तीची चढती बेरीज आलेखावर काढली. दोन समाजांपैकी ज्याची वक्ररेषा समतेच्या सरळ रेषेपासून सर्वत्र अधिक दूर, तो अधिक विषम. 1920 मध्ये ह्यू डाल्टनने अर्थशास्त्रज्ञ पिगूच्या विचाराला धरून एक कसोटी मांडली: श्रीमंताकडून गरिबाकडे थोडे उत्पन्न गेले आणि त्यांचे स्थान उलटले नाही, तर विषमता घटली पाहिजे. इकडे रॉबर्ट म्युरहेड 1903 च्या सुमारास बीजगणितातील सममित बेरजांच्या असमानता सिद्ध करताना घातांकांची अशीच देवाणघेवाण वापरत होता. 1923 मध्ये इसाय शूरने हर्मिशियन मॅट्रिक्सच्या कर्णावरील संख्या तिच्या आयगेनमूल्यांपेक्षा याच अर्थाने ‘कमी पसरलेल्या’ असतात हे दाखवले. हार्डी, लिटलवुड आणि पोल्या यांनी 1929 च्या लेखात आणि 1934 च्या ‘इनइक्वॅलिटीज’ या ग्रंथात हे धागे एकत्र विणले. चढत्या बेरजांची तुलना, डाल्टनच्या धर्तीची हस्तांतरणे आणि सर्व बहिर्वक्र फलांनी दिलेला एकमुखी कौल या तिन्ही कसोट्या एकच आहेत, असा त्यांच्या सिद्धान्ताचा आशय आहे; हेच मेजरायझेशन.

आता तीन घरांत 12 हजार रुपये वाटून पाहू. 8, 2, 2 या वाटपात पहिल्याचा एक हजार दुसऱ्याला दिला की 7, 3, 2 होते. विषमता घटली, यावर कोणतीही कसोटी हरकत घेणार नाही. पण 8, 2, 2 आणि 6, 6, 0 यांची तुलना करा. वरून बेरीज केली तर पहिल्या टप्प्यावर 8 विरुद्ध 6, दुसऱ्यावर 10 विरुद्ध 12. रेषा एकमेकींना छेदतात आणि मेजरायझेशन निकाल देत नाही. विषमता एका आकड्यात मोजणारा जिनी निर्देशांक मात्र दोन्हीकडे एक तृतीयांश येतो, विचरणही समान निघते. म्हणजे एका घरात काहीच नसणे आणि एका घराने दोनतृतीयांश उचलणे या दोन वेगळ्या अन्यायांना ही मापे सारखेच ठरवतात.

यावर आक्षेप रास्त आहे: धोरण ठरवणाऱ्याला उत्तर हवे असते आणि रेषा छेदणे हा काही अपवाद नाही. अर्थशास्त्रज्ञ अँथनी अ‍ॅटकिन्सनने 1970 मध्ये बारा देशांच्या 66 जोड्या तपासल्या, तेव्हा फक्त 16 जोड्यांत रेषा छेदत नव्हत्या. पण त्याच लेखात या आक्षेपाचे उत्तरही आहे. सरासरी उत्पन्न सारखे असताना रेषा छेदत नसतील, तर समतेला मोल देणारे सगळे एकाच निष्कर्षाला येतात. छेदत असतील, तर तळाच्या माणसाची काळजी किती करायची यावर निकाल अवलंबून राहतो. अ‍ॅटकिन्सनचा निर्देशांक ती काळजी एका उघड संख्येने मांडायला लावतो. जिनीही अशी निवड करतोच, फक्त ती सूत्रात दडलेली असते.

म्हणून एक आकडा देणे गैर नाही, पण तो एकटा देणे अपुरे आहे. त्याच्याबरोबर रेषा छापाव्यात आणि त्या कुठे छेदतात ते सांगावे. जिथे गणित थांबते तिथून पुढचा निर्णय मूल्यांचा असतो, आणि तो घेणाऱ्याने आपल्या नावाने घेतला पाहिजे.